शनीची कडी मिटतात तेव्हा

मागच्या भाऊबीजेला दुपारी माझी पत्नी सुनंदा वारली. तिचा धाकटा भाऊ प्रभाकर ओवाळून घ्यायला नागपूरहून निघाला होता. मी फोन केला तेव्हा त्याची गाडी सिवनीच्या पुढे आली होती. तो "बरं" म्हणाला. त्याने फोन बंद केला नाही, मीही केला नाही. मला गाडीचा आवाज ऐकू येत राहिला.

नोकरीतले अनुभव लिहा, असं या अंकाच्या संपादकांनी सुचवलं तेव्हा मी आधी नाही म्हटलं. आमची नोकरी दोघांची मिळून एक होती, आणि अर्धी नोकरी कशी लिहायची ते मला कळेना. मग वाटलं, माझा अर्धा भाग तर बोलण्याचा होता, तो हवेत गेला. तिचा हाताचा होता. तो कुठेतरी लिहिलेला असावा.

जबलपूरच्या एका विज्ञान केंद्रात लहानसं तारांगण होतं. घुमटाखाली खुर्च्या, मधोमध तारे फेकणारं यंत्र. सुनंदा तांत्रिक सहायक होती. ती यंत्र चालवी. मी निवेदक, मी बोले. महिन्यातल्या काही संध्याकाळी आम्ही बाहेरच्या मैदानात दुर्बीण लावून खरं आकाश दाखवत असू. निवृत्तीनंतर घुमट सुटला, पण आमची स्वतःची दुर्बीण होती. शाळा, कारखान्यांच्या वसाहती, महाराष्ट्र मंडळ, जो बोलावील तिथे आम्ही जात असू.

मी मुळात न बोलणारा माणूस. चार लोकांत पाणी मागायचं तरी मी दोनदा विचार करतो. पण दिवे मालवले की मला बोलता येई. समोरचे चेहरे दिसत नसत, माझाही कोणाला दिसत नसे. सुनंदा म्हणायची, "सर, तुमच्या तोंडाचं बटण भिंतीवर आहे जी." नोकरीत ती मला सर म्हणे. लग्नानंतरही तेच राहिलं. फार रागावली तरच "अहो".

आमचं वर्ष दसऱ्याला सुरू होई. ऑगस्टमध्ये ययाती तारकासमूहातून उल्का पडतात, असं मी घुमटाखाली दरवर्षी सांगितलं. पण त्या दिवसांत जबलपुरात पाणी सोडून दुसरं काही पडताना आम्ही पाहिलं नाही. दसऱ्यानंतर आभाळ धुऊन निघे. कार्तिकात कृत्तिकांचा पुंजका संध्याकाळीच पूर्वेला वर आलेला असे. थंडी वाढली की मृग, आणि डिसेंबरच्या मध्यावर मिथुनेतल्या उल्का. उन्हाळ्यात सप्तर्षी डोक्यावर, आणि पहिले ढग यायच्या आधी दक्षिणेला विंचवाची नांगी. प्रत्येक तारा रोज चार मिनिटं लवकर उगवतो, म्हणून आकाशालाही ऋतू असतात. हे मी इतक्या वेळा सांगितलं आहे की लिहितानासुद्धा मला माझाच आवाज ऐकू येतो.

आता तिचं काम. आमची दुर्बीण साधी, मोटर नसलेली. लाकडी पेटीवर बसवलेली लांब नळी, तळाशी आरसा, वरच्या टोकाला बाजूने डोळा लावायचं भिंग. पृथ्वी फिरते, त्यामुळे शनी म्हणा की गुरू, भिंगातून बघता बघता सरकत जातो आणि एका मिनिटाच्या आत बाहेर निघून जातो. रांगेतल्या प्रत्येक माणसासाठी नळीला अगदी हलका धक्का देऊन त्याला पुन्हा मधे आणावं लागतं. जास्त जोर झाला की गेला. हे काम डोळ्यांनी होत नाही, हाताने होतं. एखादी बाई भिंगाला काजळ लावून जाई, ते पुसायचं. एखादा गृहस्थ भिंगच मुठीत धरून उभा राही, त्याची बोटं सोडवायची. लहान मुलांना एक डोळा मिटता येत नाही. त्यांच्या दुसऱ्या डोळ्यावर सुनंदा आपला तळवा धरायची.

आणि एक रिवाज होता. दुर्बिणीवाल्याने शेवटी बघायचं. मधे मधे तो क्षणभर डोळा लावतो, पण ते बघणं नव्हे. ग्रह मधे आहे की नाही, एवढंच. खरं बघायला वेळ लागतो. ग्रह भिंगाच्या एका कडेला आणून ठेवायचा, हात काढून घ्यायचा, आणि तो आपोआप दुसऱ्या कडेपर्यंत जात असताना हवा स्थिर होईल त्या एखाद्या क्षणाची वाट बघायची. रांग ताटकळत असताना असं बघता येत नाही. म्हणून रांग संपली की मग दुर्बिणीवाला. नवीन मुलं कामाला आली की हे आम्ही त्यांना पहिल्याच दिवशी सांगत असू.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. दीक्षितपुऱ्यातले एक कापडाचे व्यापारी साडेसातीत सापडले होते. कार्यक्रमाला आले, रांगेत उभे राहिले, पाळी आली तसे मागे सरले. सुनंदाला हळूच म्हणाले, "दीदी, एक बात बताइए. दुर्बीन में चीज़ बड़ी दिखती है. तो शनि महाराज की नज़र भी बड़ी होके लगेगी क्या?"

मी माइक हातात घेऊन फलज्योतिष आणि खगोलशास्त्र यांतला फरक मनात जुळवत होतो. सुनंदा म्हणाली, "भैया, इसमें सब उल्टा दिखता है. असर भी उल्टा ही होगा ना."

आरशाच्या दुर्बिणीत चित्र उलटं दिसतं, हे खरंच आहे. ते गृहस्थ पुढे झाले, डोळा लावला, आणि मग काही केल्या हटेनात. मागचे लोक ओरडायला लागले. पुढच्या आठवड्यात ते बायको, दोन सुना आणि म्हातारे वडील यांना घेऊन आले. साडेसातीचं काय झालं ते आम्हाला कळलं नाही.

याच शनीवरून आमची पहिली फजिती झाली होती. तीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. दोघंही नोकरीत नवे, लग्न व्हायचं होतं. दसऱ्यानंतरचा पहिला कार्यक्रम जाहीर करताना मी फलकावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: या आणि शनीची कडी पाहा. मी पुस्तकं पुष्कळ वाचलेली होती. शनीची कडी पंधरा-एक वर्षांनी आपल्या नजरेच्या रेषेत येतात आणि जवळजवळ दिसेनाशी होतात, हेही वाचलेलं होतं. ते वर्ष हेच आहे, एवढं मात्र बघितलं नव्हतं.

मैदान भरलं. पहिल्या माणसाने डोळा लावला आणि विचारलं, "कड़ा कहाँ है?" दुसऱ्याने विचारलं. पाचव्या-सहाव्याला लोक "ठगते हो" म्हणायला लागले. माझा आवाज बंद पडला. तेव्हा सुनंदा स्टुलावर चढली.

"जो रोज़ दिखता है, वो तो कोई भी दिखा देगा. आज जो ग़ायब है, वो देखिए. पंद्रह साल में एक बार ग़ायब होता है."

लोक हसले आणि पुन्हा रांगेत लागले. रांग संपल्यावर ती किती तरी वेळ भिंगाला डोळा लावून होती. मग म्हणाली, "सर, या. सुई आहे बघा."

मी बघितलं. शनीचा गोळा, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना आडवी, केसाहून बारीक उजेडाची रेघ. हात काढून घ्या, श्वास सोडू नका, असं ती कानाशी सांगत होती. मी नीट बघायला त्या संध्याकाळी शिकलो.

केंद्राची दुर्बीण लहान होती. सुनंदाने त्या दिवसापासून डोक्यात एकच घेतलं: स्वतः आरसा घासायचा, मोठा, आणि पुढच्या वेळी कडी मिटतील तेव्हा त्यात बघायचं. "उघडी कडी कोणत्याही आरशात छान दिसतात," ती म्हणे. "मिटलेली कडी सांगतात आरसा कसा आहे ते. घासताना आरशाची कड दबलेली असली, तर सुईचा दोरा होतो."

आरसा घासणं म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. जाड काचेच्या दोन चकत्या. एक खाली पिंपावर पक्की बसवायची, तिच्यावर भरड पूड आणि पाणी, आणि दुसरी चकती वरून मागेपुढे घासत पिंपाभोवती फिरायचं. हळूहळू वरची चकती खोलगट होत जाते. मग पूड बारीक, आणखी बारीक. शेवटी राळेच्या गादीवर गेरूसारख्या लाल पुडीने झिलई. पुढे खरं काम, तपासणी. समोर बारीक भोकातून उजेड टाकायचा आणि परतीच्या उजेडात दाढीचं पातं सरकवत आरशाकडे बघायचं. मग आरशावर सावल्या उठतात, आणि डोळ्यांना न दिसणारे उंचवटे आणि खळगे चंद्रावरच्या डोंगरांसारखे दिसू लागतात.

लग्नानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात तिचा आरसा तयार होत आला. एका संध्याकाळी झिलई देऊन झाल्याबरोबर तिने तपासला, तर मधोमध टेकडी. तिने ती घासून काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर टेकडीच्या जागी खड्डा. टेकडी कधी नव्हतीच. घासताना तळव्याची ऊब काचेत शिरली होती, त्यामुळे काच तेवढी फुगली होती. रात्रीतून ती निवली आणि बसली.

"माझ्याच हाताची ऊब घासून काढली मी," ती म्हणाली. हसली नाही. पुन्हा बारीक पुडीपासून सुरुवात करावी लागली. त्यानंतर तिने कधी घाई केली नाही. घासलं की आरसा झाकून ठेवायचा, स्वयंपाक करायचा, जेवायचं, झोपायचं, आणि मग तपासायचा. तो पुरा झाला, पुण्याहून त्यावर ॲल्युमिनियमचा थर चढवून आणला, नळी आणि पेटी केली, तोवर शनीची कडी चांगली ताटासारखी उघडली होती. लोक "वाह" म्हणत. ती म्हणे, "हे नाही जी."

पुढच्या वेळी कडी मिटली तेव्हा शनी सूर्याच्या मागे होता. ते दिवस उजेडात गेले. मी तिला म्हटलं, "अजून पंधरा वर्षं." ती म्हणाली, "मी कुठे चालली?"

निवृत्तीनंतरच्या दुसऱ्या वर्षी तिच्या उजव्या हाताचा अंगठा हलायला लागला. मग पंजा. डॉक्टरांनी पार्किन्सन म्हटलं. चमचा, सुई-दोरा, बटणं यांचं तिने फार वाईट वाटून घेतलं नाही. दुर्बिणीचं घेतलं. नळीला बोट लागलं तरी आतला ग्रह थरथरतो. आणि तिचं बोट आता थांबत नव्हतं. ती डाव्या हाताने धक्का द्यायला शिकली. मग डावाही हलायला लागला, तशी खांद्याने देऊ लागली. पेटीला तिने वाळूची पिशवी बांधली, म्हणजे नळी जड चालेल.

कारखान्याच्या एका वसाहतीत कार्यक्रम होता. रांगेतला एक माणूस म्हणाला, "तारा बहुत हिल रहा है." मी माइकवरून सांगितलं की हवेचे थर अस्थिर असले की असं होतं. खरं तर त्या संध्याकाळी पान हलत नव्हतं.

घरी येताना रिक्षात ती वाळूची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. मग म्हणाली, "अहो, हवेवर काहून ढकललं तुम्ही?"

"मग काय सांगायला पाहिजे होतं?"

"काहीच नाही. मी होती ना तिथे."

त्या डिसेंबरात आम्ही बरगीच्या बाजूला एका गावच्या शाळेत गेलो होतो. मिथुनेच्या उल्का बघायला तिथलं आभाळ फार चांगलं; धरणाच्या पाण्यावर अंधार नुसता पसरलेला असतो. उल्कांना दुर्बीण लागत नाही, पोत्यांवर पाठ टेकून नुसतं वर बघायचं. पण उल्का वर यायला वेळ होता, म्हणून आधी शनी दाखवत होतो. चौथी-पाचवीतली एक मुलगी स्टुलावर चढली. तिला डोळा मिटता येईना. सुनंदाने तिच्या डोळ्यावर तळवा धरला.

"दीदी, गुदगुदी हो रही है," मुलगी म्हणाली. "तुम्हारा हाथ काए काँप रहा है?"

माझ्या हातात माइक होता. मी तो खाली धरला.

"बीमारी है, बेटा," सुनंदा म्हणाली. "मैं तो हिलूँगी. तू मत हिलना."

मुलगी हसली, मग खरोखरच हलायची थांबली. तिच्यामागचे सगळे मग भिंगापाशी येऊन सुनंदाचा हात निघेपर्यंत थांबायला लागले, म्हणजे नळी स्थिर होई. कोणीतरी मागे सांगत होतं, "पहले दीदी को छोड़ने दो, फिर देखो." त्यानंतर सगळ्याच कार्यक्रमांत ती रांगेला आधीच सांगायची. तिची कामाची रीत बदलली, काम राहिलं.

मागच्या वर्षी शनी पुन्हा त्या जागी आला. पावसाळा लांबला होता. सप्टेंबरभर ढग. तिला थोडी शंका होती ती स्वतःच्या हातांची नाही, डोळ्यांची. औषधांनी दृष्टी कधी कधी धूसर होई. नोव्हेंबरच्या शेवटी कडी सगळ्यात बारीक व्हायची होती, पण ती म्हणाली, "कोजागिरीपासूनच बघायला लागू. रोज बघितलं तर समजेल कशी बारीक होऊन राहिली."

कोजागिरीचं आकाशदर्शन हे आमच्या मंडळाचंच खास. पौर्णिमेच्या उजेडात तारे बुडालेले असतात, चंद्रसुद्धा दुर्बिणीतून सपाट दिसतो आणि डोळे दिपतात. आकाश दाखवायला सबंध महिन्यात याहून वाईट रात्र नसते, आणि मंडळ दरवर्षी हीच ठरवी. मंडळाचे सचिव वैरागडे रेल्वेतून निवृत्त झालेले, उत्साही गृहस्थ. दरवर्षी सुनंदाचं आणि त्यांचं वाजे.

"वैरागडे भाऊजी, पौर्णिमेला तारे दाखवा म्हणजे लग्नात नवरी सोडून तिच्या मैत्रिणी दाखवा असं झालं."

"वहिनी, लोकं दुसऱ्या कोणत्या रात्री जागून राहतात, ते सांगा. दूध आहे म्हणून लोकं आहेत, लोकं आहेत म्हणून तुमचे तारे आहेत."

मागच्या वर्षी मात्र ती भांडली नाही. शनी चंद्राच्या थोडा वर होता आणि पौर्णिमेतही छान दिसत होता. मंडळाच्या गच्चीवर तिने नळी लावली. रांग सुरू झाली. दूध उकळत होतं, वेलदोड्याचा वास येत होता.

"आंटी," वैरागड्यांचा नातू म्हणाला, तो बंगळूरला नोकरी करतो, "रिंग तो है ही नहीं. मागच्या वर्षी होती ना?"

"धुवायला टाकली," सुनंदा म्हणाली.

मी माइकवरून ताटाचा दृष्टांत दिला. ताट डोळ्यांसमोर आडवं धरलं की नुसती कड दिसते, तसं. लोकांनी पुन्हा पाहिलं. कोणाला रेघ दिसली, कोणाला नाही.

रांग संपत आली तेव्हा मी तिच्याजवळ गेलो. पश्चिमेकडून एक ढग येताना दिसत होता. म्हटलं, "तू बघून घे आता."

"दहा लोकं आहेत, सर. होतील."

तेवढ्यात भेडाघाटला नावेतून चांदणं बघायला गेलेली निम्मी मंडळी परत आली. सगळी जिन्याने वर. वैरागडे पुढे, "चला, चला, वहिनी थांबल्या आहेत आपल्यासाठी." रांग पुन्हा जिन्यापर्यंत गेली.

मी म्हटलं, "सुनंदा, दोन मिनिटं. लोक थांबतील."

"दुर्बिणीवाली शेवटी बघते." ती नळीला खांदा लावून होती. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "मला मधे हाक मारू नका."

शेवटचा माणूस उतरला तेव्हा शनी अजून होता. तिने नळी सरकवली, शनी कडेला आणला, हात काढून घेतले आणि मांडीवर दाबून धरले. भिंगाशी डोळा नेला. मी दूर उभा होतो. ती काही वेळ तशीच होती. मग मला गच्चीवरचा उजेड कमी झाल्यासारखा वाटला, आणि मी वर बघितलं.

ती वाट बघत राहिली. वैरागड्यांनी तिच्यासाठी आणलेलं दूध निवलं, त्यावर साय धरली. ढग गेला नाही, त्याच्यामागे दुसरा आला. दव पडायला लागलं तेव्हा तिने अंगावरची शाल काढून नळीच्या तोंडावर घातली.

"काही दिसलं?" मी विचारलं.

"येत होतं. हवा थांबतच होती." मग म्हणाली, "जाऊ द्या. आज तशीही जाड होती. नोव्हेंबरात बघू."

चार-पाच दिवसांनी तिला ताप आला, मग छातीत कफ. न्यूमोनिया. दवाचा आणि त्याचा काही संबंध नाही, असं डॉक्टरांनी मला समजावून सांगितलं आहे. मी ते मान्य केलं आहे.

रुग्णालयात ती फार बोलू शकत नव्हती. दिवाळीच्या आदल्या दिवशी तिने विचारलं, "आभाळ कसं आहे?" मी सांगितलं, स्वच्छ आहे. ती म्हणाली, "तोवर मी इथेच असली, तर तुम्ही बघा. बघून मला सांगा."

"काय सांगू?"

"सुई आहे की दोरा."

आरसा कसा झाला, एवढंच तिला हवं होतं.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मी दुर्बीण आमच्या गच्चीवर नेली. एकट्याने ती उचलत नाही. वैरागडे आले होते. टॉर्चवर लाल कागद लावून तो धरून उभे राहिले. एवढी वर्षं मी त्या नळीपासून चार हातांवर उभा राहून बोललो, पण तिला धक्का कधी दिला नव्हता. शनी सापडायलाच बराच वेळ गेला. सापडला की मी जोर करी आणि तो जाई. वैरागडे काही बोलत नव्हते. त्यांच्यासारख्या माणसाला ते किती कठीण गेलं असेल.

शेवटी तो आत आला आणि राहिला. मी हात काढून घेतले. गोळा, आणि आडवी रेघ.

"दिसली का जी?" वैरागड्यांनी विचारलं.

"तुम्ही बघा."

त्यांनी बघितलं. "बारीक आहे."

"सुई की दोरा?"

ते बराच वेळ डोळा लावून होते. मग सरळ झाले. "आता तेवढं कसं सांगू मी?"

त्या आठवड्यात मी रोज बघितलं. एका संध्याकाळी रेघ अगदी धारदार वाटली आणि मी गच्चीवर उभ्या उभ्या "सुई" असं म्हटलंही. दुसऱ्या संध्याकाळी ती कडांना फिसकटलेली होती. ते हवेमुळे असेल. माझ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आहे, त्यामुळे असेल. नळी वर नेताना आरसा जागचा हलला असेल. तो पुन्हा कसा बसवायचा ते मला येत नाही. किंवा कड दबलेली असेल. यातलं काय, ते ओळखायला जो डोळा लागतो तो आरसे घासून तयार होतो. नुसतं बोलून माझा तसा तयार झालेला नाही.

पुण्यात जाणकार आहेत, त्यांच्याकडे आरसा पाठवा, असं प्रभाकर म्हणतो. ते यंत्रावर मोजून आकडा देतील. तो बरोबरही असेल. पण तिला आकडा नको होता, बघायचं होतं.

कडी आता पुन्हा उघडू लागली आहेत. यंदाच्या कोजागिरीला ती बऱ्यापैकी दिसतील आणि कोणी तक्रार करणार नाही. वैरागड्यांनी मला बोलायला बोलावलं आहे. मी जाणार आहे. दुर्बीण नेणार नाही. पुन्हा कडी मिटतील तेव्हा मी ऐंशीच्या पुढे असेन.

आरसा घरात आहे, झाकून ठेवलेला. तो चांगला झाला की नाही, ते मला माहीत नाही.